निळ्या पुठ्ठ्यातले अकरा दिवस

सुंभ जळतो, पीळ काही जळत नाही. बाइंडरने दुकान बंद केलं त्याला दोन वर्षं झाली होती. पण कागद कापायचं मशीन त्याने घराच्या पुढच्या खोलीत आणून बसवलं होतं, आणि सुटे कागद त्याला अजूनही बघवत नसत. विजेची बिलं असोत की मुलीच्या जुन्या उत्तरपत्रिका, घरात जे जे कागद म्हणून आलं ते ते शिवून, कड मारून, पुठ्ठा चढवून फळीवर उभं राहिलं होतं.

या महिन्यात तो आणि त्याची बायको एकाच आठवड्यात आजारी पडले. त्याचा ताप घरीच उतरला. तिचा छातीत उतरला. तिला दवाखान्यात ठेवावं लागलं आणि डॉक्टरांनी त्याला बजावलं की इकडे फिरकायचं नाही, उंबरठा ओलांडायचा नाही. धावपळ सगळी मुलीने केली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा, "आई बरी आहे, बाबा. तुम्ही जेवलात का?" असे अकरा दिवस गेले. परवा बायको घरी आली, पण कशी? दोन वाक्यं बोलली की तिसऱ्यासाठी दम खात थांबायची. अंगातली चोळी खांद्यावरून घसरत होती.

तिच्यासोबत एक प्लास्टिकची पिशवी आली होती. पिशवीत दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स प्रती होत्या, पुढच्या तपासणीला मोठ्या डॉक्टरांना दाखवायला म्हणून दिलेल्या. चाळीस-पन्नास पानं, कडा वरखाली, एका कोपऱ्यात दोरा ओवलेला. बाइंडरचे हात शिवशिवले. त्याच्या उस्तादाची शिकवण होती, 'पानं लावणं हे दुसऱ्याचं काम, शिवणं आपलं. गठ्ठा आला तसा शिवायचा. बाइंडरने शहाणपणा केला की पुस्तक बिघडतं.' त्याने गठ्ठा आला तसा शिवला, दाबात ठेवला, मशीनवर तिन्ही बाजूंनी कापून कड मारली आणि निळं कापड चढवलं. कड न मारलेलं पुस्तक त्याला दाढी वाढलेल्या नवरदेवासारखं दिसायचं. काल दुपारी पुस्तक वाळलं आणि आज जेवणं झाल्यावर, बायकोचा डोळा लागलेला बघून, त्याने ते वाचायला घेतलं.

इंग्रजी अक्षरं त्याला सगळी ओळखीची. जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकलेली. अर्थाशी मात्र त्याचा कधी संबंध आला नव्हता. इथे तर शब्दही पुरे नव्हते. दोन अक्षरं, टिंब, तीन अक्षरं, टिंब. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला सी, मग एक तिरकी रेघ, मग ओ. हे काय, की डॉक्टरांची रामनामासारखी काही रीत? त्याने पानं उलटली, चष्मा पुसला, परत उलटली. डोक्यात नुसता काला झाला. शेवटच्या पानावर आला आणि त्याचं बोट थबकलं. दोन शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली होती, आणि तळाशी एक सही होती. ती सही त्याने शाळेच्या वह्यांपासून पाहिलेली. त्याच्या मुलीची.

त्याने पुस्तकातली अक्षरं क्रमाने एका चिठ्ठीवर उतरवली आणि जिना उतरून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेला.

"काय काका, बरं वाटतंय ना? आणि हे काय, कोडं सोडवताय?"

"एका गिऱ्हाइकाचं पुस्तक शिवायला आलंय," बाइंडर म्हणाला. जन्मात पहिल्यांदा तो इतक्या सराईतपणे खोटं बोलला. "आत काय आहे ते कळावं म्हणून विचारतो."

"सी-ओ म्हणजे पेशंटची तक्रार. आज काय दुखतंय, काय खुपतंय ते."

"रोजच्या रोज तक्रार?"

"तुमच्या घरी नसते का?" औषधवाला हसला आणि एका बाईला खोकल्याची बाटली देऊन परत चिठ्ठीकडे वळला. "हे बघा, अफेब्राइल म्हणजे ताप नाही. आर.ए. म्हणजे साध्या हवेवर, नळीबिळी काही नाही, माणूस आपला आपण श्वास घेतोय. छान. टी.डी.एस. म्हणजे गोळी दिवसातून तीनदा. मग… हं. इथे नाकात ऑक्सिजनची नळी लावलेली दिसते. मग इथे दोन लिटरचे सहा झालेत, म्हणजे ऑक्सिजन वाढवलाय. एन.बी.एम. म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही." त्याचं हसू ओसरलं. "जी.सी. पुअर."

"त्याच्याखाली दोन रेघा होत्या."

"असणारच. जनरल कंडिशन, म्हणजे एकूण तब्येत, वाईट. आणि शेवटी आय.सी.यू., नातेवाइकांना कल्पना दिली, सही घेतली." त्याने चिठ्ठी परत केली. "पेशंट सुरुवातीला अगदी ठणठणीत होता हो, काका. मग घसरत गेलाय. वाचला का शेवटी?"

"घरी पाठवला," बाइंडर म्हणाला.

 औषधवाल्याने गोळ्यांची पाकिटं उगाच सरळ रेषेत लावली. "कधी कधी तसं करतात," एवढंच तो म्हणाला.

बाइंडर जिना चढला तेव्हा पायऱ्या पंधराच्या तीस झाल्या होत्या. म्हणजे ती बरी होऊन घरी आली नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले म्हणून घरी आली होती. पण मग काल तिने मुलीला केस नीट विंचर म्हणून झापलं ते कसं? आणि सकाळी दुसऱ्यांदा चहा मागितला तो? की दिवा विझण्याआधी मोठा होतो म्हणतात, त्यातलं ते? एक मन म्हणे असं नसेल. दुसरं म्हणे, सही कुणाची आहे?

स्वयंपाकघराच्या टेबलाशी मुलगी एक पत्र समोर ठेवून बसली होती. नकाशे छापणाऱ्या सरकारी छापखान्यात तिची निवड झाली होती. एका दिवसाच्या आणि एका रात्रीच्या प्रवासावरचं गाव. येते की नाही ते आज चार वाजेपर्यंत फोनवर कळवायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाणार होती. लहानपणी बापाच्या दुकानातल्या रद्दीत नकाशे शोधणारी ही पोर. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजले होते.

"आईला आय.सी.यू.मध्ये ठेवलं होतं?" त्याने उभ्या उभ्याच विचारलं.

मुलीचा चेहरा पडला. "तुम्हाला कोण बोललं?"

"सही तुझी आहे ना?"

"माझीच आहे, बाबा. चुकलं माझं. पण तुम्ही इथे तापाने फणफणत होता. सांगितलं असतं तर तसेच धावत आला असता."

"म्हणजे खरं आहे."

"खरं आहे."

पुढचा शब्द त्याच्या जिभेवर येईना. देवाने तो उच्चारायची वेळ आणू नये म्हणून त्याने डोळे मिटले, आणि मुलीला वाटलं बाबा रागावले. "अशा आईला टाकून तू जाणार?" तो कसाबसा म्हणाला.

 मुलीने पत्र घडीवर घडी घालून लहान केलं. "नाही जात," ती म्हणाली. "लपवलं ते मी, आता जाते कुठल्या तोंडाने? कळवते त्यांना." ती फोन घेऊन गॅलरीत गेली. आपल्याला हवं ते झालं की नको ते झालं, हेच बाइंडरला उमगेना.

"अहो!" आतून हाक आली. "काय कुजबुज चाललीय? जिवंत आहे म्हटलं मी अजून!"

तो आत गेला. पुस्तक त्याच्या काखेतच होतं. बायको उशीला टेकून बसली होती. शाळेत भूगोल शिकवणारी बाई ती. तिच्यापुढे काखेत काही लपवणं पोरांनाही कधी जमलं नव्हतं.

"काय ते? आणा इकडे." तिने निळ्या कापडावरून हात फिरवला. "अगं बाई, माझी पोथी बांधलीत की काय?"

"वाचू नकोस. अक्षर लागत नाही."

"तीस वर्षं पोरांचं अक्षर लावलंय. डॉक्टरांचं काय घेऊन बसलात?" तिने चष्मा चढवला, पहिलं पान उघडलं आणि ओठ हलवत वाचू लागली. दम लागला तशी थांबली.  "कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या," ती म्हणाली. "अहो, हे तर परवाचं! व्यायामवाली आली होती ना, शिक्षाच करते मेली. फेऱ्या मारल्याशिवाय घरी सोडणार नाही म्हणाली."

"हे पहिलं पान आहे."

"असेल. पहिल्या दिवशी मी चालत होते की काय? मला तर छताचा पंखाही नीट दिसत नव्हता."

"मग शेवटच्या पानावर आय.सी.यू. कसं?"

"कारण सुरुवात तिथून झाली! रोज सकाळी सिस्टर यायची, क्लिप उघडायची आणि नवा कागद सगळ्यांच्या वर ठेवायची. डॉक्टरला ताजं आधी दिसायला हवं ना? अकरा दिवस तेच बघत पडले होते मी, दुसरं होतं काय बघायला?" ती दम घ्यायला थांबली. "तारखा असतील की वर, कोपऱ्यात."

बाइंडरने पान जवळ नेलं. कोपऱ्यात काही नव्हतं. धारेसारखी सरळ, देखणी कड होती. त्याची स्वतःची. पण ही आपल्याला धीर देण्यासाठी तर बोलत नाही? असं बोलायची सवय होतीच तिला.

तो पुढच्या खोलीत धावला. मशीनखालच्या खोक्यात तो आठवड्याचं कात्रण साठवत असे. वरच्या कडेच्या पट्ट्या एकाच घावात कापलेल्या, म्हणून अजून एकमेकींना चिकटून होत्या. त्याने सगळ्यात वरची पट्टी उचलली, पुस्तकाच्या पहिल्या पानाला लावली. एका अक्षराचं अर्धं वेटोळं वर, अर्धं खाली. तंतोतंत जुळलं. पट्टीवर लिहिलं होतं, एकोणीस तारीख. सगळ्यात खालची पट्टी शेवटच्या पानाला लावली. नऊ. मधली एक घेतली, चौदा. त्याने परत एकोणीस लावून पाहिली, परत नऊ. कीर्तनकार बुवांनी आधी उत्तररंग आणि मग पूर्वरंग लावावा तसं झालं होतं. आणि बुवांचा काही दोष नव्हता, श्रोताच पाठमोरा बसला होता.

गॅलरीत मुलगी फोन कानाला लावून उभी होती.

"थांब!"

"साहेब येतायत फोनवर," ती फोनवर हात ठेवून म्हणाली. डोळे लाल होते.

"जातेय म्हण."

"बाबा, मघाशी तुम्हीच…"

"मघाचं सोड! मी शेवटाकडून सुरुवातीकडे गेलो. ती आय.सी.यू.तून बाहेर चालत आलीय, आणि मी तिला आत नेत होतो. आई बरी आहे ना?"

"रोज तेच सांगत होते की मी!"

"पहिले काही दिवस खोटं सांगत होतीस."

"पहिले चार," ती म्हणाली, आणि तेवढ्यात पलीकडून कुणी बोललं. "हो सर, मीच. येतेय. सोमवारी हजर होते. नाही, अडचण काही नाही… वडील एक पुस्तक वाचत होते."

फोन ठेवल्यावर तिने घडीवर घडी घातलेलं पत्र उलगडलं आणि टेबलावर तळहाताने चेपत राहिली. बाइंडर तिच्या डोक्यावर हात ठेवून तसाच उभा होता. आपण पोरीला रागवायचं की तिची माफी मागायची, हे त्याला अजूनही कळत नव्हतं.

मग त्याने खळ कालवली. जन्मभर कात्रण टाकलेला माणूस तो. आज बायकोच्या पलंगाशी बसून एकेक पट्टी परत जागच्या जागी चिकटवू लागला.

"उसवून सुलटं का नाही शिवत?" बायकोने विचारलं.

"नको. डॉक्टरला ताजं आधी दिसायला हवं." त्याने एकोणीस तारीख अंगठ्याने दाबून धरली आणि शेजारी सी, तिरकी रेघ, ओ काढलं. "सांग, आज काय तक्रार?"

"भूक लागलीय," ती म्हणाली. "आणि तुम्ही खळीचे हात पांघरुणाला पुसताय."