तीन फासे आणि एक गुडघा

एकाचा ठिपका लाल, आणि इतरांपेक्षा मोठा, जणू तेवढ्या बाजूने फासा कुणावर तरी डोळे वटारतोय... मोक सरांनी तो टेबलावर उलटा केला, तेव्हा सहा वर आले. सहा काळे ठिपके, दोन रांगांत, चाचणीला बसलेल्या मुलांसारखे. फासे तीन होते. आज आयोगासमोर साक्ष होती आणि कोटाच्या खिशात रुमालाबरोबर तेही जाणार होते – का, हे सरांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

"मोक सर, मॅकरोनी गार होतेय." लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली तरी बायको त्यांना मोक सरच म्हणे. शाळेतल्या मुलांच्या तोंडी त्यात धाक होता. हिच्या तोंडी नेमकं काय होतं याचा छडा गणिताच्या माणसाला अजून लागला नव्हता. "आणि खिडकीकडे बघू नका. पुसायचीय ती."

घरात उजेड फार झाला होता. दुरुस्तीसाठी चिंग-लाम वसाहतीच्या तिन्ही इमारतींना बांबूची परांची बांधून वर हिरवी जाळी सोडली होती. ती अकरा महिने राहिली. मग तीन नंबरची इमारत पेटली, जाळी कागदासारखी जळत वर वर गेली, सतरा माणसं गेली – आणि उरलेल्या दोन इमारतींच्या जाळ्या दोन दिवसांत उतरल्या, म्हणजे हे काम इतकं झटपट होऊ शकत होतं. एक नंबरमधल्या मोकांच्या घरात ऊन शिरलं आणि बायकोला अकरा महिन्यांची धूळ एकदम दिसली. सरांना ते ऊन आवडलं होतं. क्षणभरच. मग ते पडदा ओढून बसले होते.

रहिवासी समितीत गणिताचा निवृत्त शिक्षक म्हणजे फुकटचा तज्ज्ञ. जाळीचा नमुना निवडून प्रयोगशाळेत पाठवायचा, तो निःपक्ष माणसाने निवडावा असा नियम होता, आणि सरांइतका निःपक्ष माणूस वसाहतीत दुसरा नव्हता – ते महजाँगमध्ये, सोंगट्यांच्या त्या चौघांच्या खेळात, स्वतःच्या बायकोलाही हरवत. तळमजल्यावर कंत्राटदाराच्या लुईने जाळीचे छत्तीस गठ्ठे मांडून ठेवले होते, शेजारी दुधाचा चहा आणि अंड्याचे टार्ट, अजून गरम. सरांनी लुईला पाव तास यदृच्छा, म्हणजे कुणाच्याच मर्जीशिवाय झालेली निवड, म्हणजे काय ते समजावलं. तीन फाशांची बेरीज घेतली तर दहा-अकराच जास्त येतात, म्हणून बेरीज नाही: पहिला फासा रांग, दुसरा गठ्ठा, तिसरा कडेपासून किती हात आत. लुईने वहीत लिहून घेतलं. चार, दोन, पाच. चौथ्या रांगेतला दुसरा गठ्ठा, पाच हात आत – तिथे कापला. प्रयोगशाळेत तो तुकडा पेटता पेटेना.

फासे प्रामाणिक होते. याबद्दल आयोगानेही शंका घेऊ नये.

फक्त वरच्या मजल्यांवरची जाळी त्या छत्तिसांत नव्हती. टायफूनमध्ये फाटली म्हणून तिथे दुसरीच लावली होती, हे सरांना माहीत होतं. ते बघायला जायचं म्हणूनच निघाले होते. पण लिफ्ट बंद होती, गुडघा दुखत होता, टार्ट गरम होते... फॉर्मवर 'बसवलेल्या जाळीतून' अशी छापील चौकट होती, त्यांनी तिच्यात खूण केली. आज ना उद्या हे गठ्ठे बसवणारच होते की.

"आमच्या मजल्यावरचे कामगार खिडकीबाहेर सिगारेटी ओढतात, सर. ही जाळी पेटत नाही ना?" महजाँगच्या टेबलावर औयेंगबाईंनी विचारलं होतं. बाई तीन नंबरला, चौदाव्या मजल्यावर.

"बाई, मी फासे टाकून बघितलंय. तुमच्याच डब्यातले."

"मग मेलेच मी. तुम्हाला फासे कधी लागलेत?"

चौघंही हसले होते, सर सगळ्यांत जास्त. फासे परत करायचे राहून गेले. आता टेबलाला तीनच माणसं जमतात, सोंगट्या चारी बाजूंना रचतात आणि चहा पिऊन उठतात.

फोन वाजला. समितीचे अध्यक्ष शेक. "मोक सर, जेवढं विचारतील तेवढंच. नमुना यदृच्छेने निवडला का? हो. संपलं."

"आणि गुडघा?"

"गुडघा समितीचा नाही, सर. तो तुमचा खाजगी आहे."

बसमध्ये, कोवलूनच्या वाटेवर, सरांना उगाच एक वही आठवली. नववीतली एक मुलगी, किती मुलं उपाशी राहतात याची पाहणी करायला शाळेच्या उपाहारगृहात गेली होती आणि तिथे जेवणाऱ्या शंभर मुलांना विचारून आली होती – उपाशी, शून्य. सरांनी पानभर लाल शाईत लिहिलं होतं: ज्यांना विचारलं नाहीस ते कुठे आहेत? आणि गुणही तिच्या उत्तराइतकेच दिले होते. वर्ग पोट धरून हसला. मुलगी म्हणाली होती, "सर, पण बाहेर ऊन होतं." किती लंगडी सबब, तेव्हा वाटलं होतं... लंगडी.

सुनावणी सातव्या मजल्यावर. लिफ्ट उघडली तर आत, आगीत गेलेल्यांची माणसं, छातीशी फोटो धरून, औयेंगबाईंची मुलगीही. फोटोतल्या बाई नुकतीच कुणाची तरी सोंगटी उचलल्यासारख्या खुश.

"या ना सर, मावाल," मुलगी सरकून म्हणाली.

"नको, नको. वजन होईल," सर म्हणाले, आणि लिफ्ट मिटली. दुसरी लिफ्ट होती. ते जिन्याकडे वळले.

दुसऱ्या मजल्यावर गुडघा बोलू लागला. तिसऱ्यावर ओरडला. चौथ्यावर सर कठड्याला धरून उभे राहिले आणि वाट पाहिली, की आता हा मोडेल, मोडायलाच हवा, इतकी वर्षं ज्याच्या नावाने... मोडला नाही. कुरकुरत पाचव्यावर आला. सहाव्यावर तर दोघांची चाल बसली. खिशात फासे वाजत होते, पायरीला एकदा. सातव्याच्या दाराशी सरांनी कोटाने घाम पुसला आणि एक अगदी सोपा हिशेब, पाचवीतल्या पोराला जमेल असा, त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला: सात दुणे चौदा.

शेक लिफ्टजवळ होते. "जिन्याने आलात? वेड लागलंय का, सर? गुडघा?"

"आहे," मोक सर म्हणाले. "चढतो."

शेकनी त्यांच्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "तेवढंच हं. विचारतील तेवढंच."

आतून नाव पुकारलं गेलं. फासे टाकून ठरवावं असं सकाळी कुठेतरी मनात होतं बहुतेक, लाल आला तर गुडघ्याचंही सांगायचं... पण हात खिशात जाईना. सरांनी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. वर अजून मजले होते. आणि त्यांना, कुणाला सांगायला लाज वाटेल इतकं, वाईट वाटत होतं की सुनावणी सातव्यावरच होती, चौदाव्यावर नव्हती.