खुटबावात अजून जुनंच पान

शिरूरला सासरी बसून अंकितानं सकाळी सकाळी माहेरच्या घोंगड्यांच्या साईटचं बिऱ्हाड हलवलं. साईट कुठल्या कंपनीकडं शोधायची ते सांगणारी, जुन्या कंपनीच्या नेमसर्व्हरची दोन नावं खोडली, नव्या कंपनीची दोन टाकली, आणि अतिशहाणपणा म्हणजे जुनं खातंही तिथल्या तिथं बंद करून टाकलं. बाईला कामाचा उरक भारी. विचार नंतर.

तासाभरात लॅपटॉपवर नवी साईट झळकली. घोंगड्या होत्या, भाव होते, फक्त आबा नव्हते. मागावर बसून खळखळून हसणारे भैरूआबा. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या बापाचा तेवढाच एक हसरा फोटो. बाकी सगळ्यांत ते आधार कार्डावरच्यासारखे ताठ. मूळ फोटो ज्या मोबाइलमध्ये होता, तो कधीच विहिरीत पडलेला. जुन्या साईटवरचा आपोआप नव्या जागी येईल, असं ती धरून चालली होती. तिनं जुनं खातं उघडू पाहिलं, तर ते बंद.

तिनं माहेरी खुटबावला आईला फोन लावला.

"आये, आबांचा फोटो गेला गं. माझ्याच हातनं."

"कुठं गेला? हायेत की हितं," अनसाबाई म्हणाली. "आत्ताच बघून चुलीकडं आले. रोज बघते मी."

साईट गिऱ्हाइकांसाठी, एवढंच तिला ठाऊक. आई ती रोज मोबाइलवर उघडत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. मग तिला आठवलं, नेमसर्व्हरचा बदल सगळीकडे एकदम पोचत नाही, आणि बंद केलेल्या खात्यातली पानंही कंपनी लगेच पुसत नाही. खुटबावात अजून जुनंच पान उघडत होतं. किती वेळ उघडेल, कोण जाणे.

"आये, ऐक. फोन चालूच ठेव आन् फोटोवर बोट दाबून धर."

"त्येंच्या तोंडावर बोट? काहीतरीच तुझं."

"आबा रागवायचे न्हाईत. धर."

"थांब, आधी पदरानं काच पुसते."

बोट ठेवलं, सुटलं, पुन्हा ठेवलं. दोनदा भलतंच काहीतरी उघडलं. अर्ध्या तासानं एकदाचा फोटो शिरूरला पोचला. अंकितानं तो नव्या साईटवर सगळ्यात वर बसवला आणि मनसोक्त रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला.

"पान बदललं गं. पर हे हायेत." मग तिनं विचारलं, "आता कुठं जाणार न्हाईत न्हवं?"

"न्हाई आये. मी जाऊ देणार न्हाई."

"मग ठेव फोन. सकाळधरनं त्येंच्याशी बोलायचं राहिलंय."