मास्तरांचे अठ्ठावन्न हजार

माझा नवरा आवेज स्वभावाने इतका सरळ की भाजीवालीसुद्धा त्याला लांबून बघून भाव वाढवते. जानेवारीत माझे सासरे लालसाब गेले. कबरस्तानात जनाज्याच्या नमाजेआधी हा पुढे झाला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या अब्बांकडे कुणाचं काही देणं असेल तर माझ्याकडे या. मी देईन." आमच्यात ही पद्धतच आहे. मेलेल्या माणसावर कर्ज राहिलं तर त्याची रूह अडकून पडते म्हणतात, म्हणून वारस ते आपल्या मानेवर घेतो. पण बाकीची माणसं हे रडत रडत, तोंडातल्या तोंडात म्हणतात. आमच्या साहेबांनी मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं. बायका कबरस्तानात जात नाहीत, नाहीतर मी त्याचा सदरा ओढून त्याला गप्प केलं असतं.

सोलापुरात आमचं घर नई जिंदगी भागात आहे. नावावर जाऊ नका. पुढच्या खोलीत पाच शिलाई मशिनी, मागे आम्ही राहायचो. शाळांचे गणवेश शिवणं हा धंदा. चार वर्षांपूर्वी अब्बांनी हे घर एका फायनान्स कंपनीकडे गहाण टाकून नऊ लाख उचलले आणि नव्या मशिनी घेतल्या. दोन वर्षं हप्ता वेळेवर गेला. मग दोन मोठ्या शाळांनी बाहेरून तयार कपडे घ्यायला सुरुवात केली, अब्बांना डायलिसिस लागलं आणि हप्ता चुकायला लागला. ते गेले तेव्हा कंपनीची नोटीस टीव्हीमागे ठेवलेली होती. त्यांनीच ठेवली होती, आम्हाला दिसू नये म्हणून.

आवेजने जे कबरस्तानात म्हटलं ते लोकांनी मनावर घेतलं. दोऱ्यावाला आला, बटणवाला आला. टेंपोवाला येडू चौदाशे रुपयांसाठी आला आणि वर चहा पिऊन गेला. आवेजने कुणाला परत पाठवलं नाही. त्याच्या एका वाक्यात माझ्या चार बांगड्या गेल्या. मी भांडले नाही असं नाही, चांगली भांडले. वकिलाकडे जाऊन विचारूनही आले. वकील म्हणाले, बापाने मागे ठेवलंय त्याच्यापुरतंच मुलाचं देणं, त्याच्यावर एक पैसा नाही. मी ते घरी येऊन सांगितलं तर आवेज म्हणाला, "मी कुठं कोर्टात बोललो होतो?"

एप्रिलमध्ये थोडा श्वास घ्यायला मिळाला. मंगळवेढ्याच्या एका शाळेने सहाशे जोड्यांची ऑर्डर दिली आणि नव्वद हजार आगाऊ दिले. कापड उधारीवर मिळालं. कंपनीची थकबाकी अठ्ठ्याऐंशी हजार होती आणि वीस तारखेच्या आत भरली नाही तर घराचा ताबा घेऊ, असं त्यांनी लेखी कळवलेलं होतं. मला वाटलं, अल्लाने हिशेब करूनच पाठवलेत. मी ते पैसे पिठाच्या डब्यात ठेवले आणि आवेजला सांगितलं, "याला हात लावलास तर मी माहेरी केमला निघून जाईन."

सतरा तारखेला दुपारी गुंडा मास्तर बोलायला आले.

गुंडा मास्तर आमचे कटिंग मास्तर. वीस वर्षं आमच्याकडे कापड कापत होते. थरावर थर आठ-दहा कापडं घालून एका दमात कापायचे, पण चिंधी वाया जायची नाही. त्या दिवशी त्यांनी कात्री टेबलावर ठेवली, हात पुसले आणि आवेजसमोर येऊन उभे राहिले.

"आवेजभाऊ, येक बोलायचं हुतं. मालकाचं चाळीसावं होईस्तवर गप ऱ्हायलो. मग तुमी अडचणीत हुता. पर आता पूनमचं लगीन ठरलंय, एकवीस मेला. मालकाकडं माजं अठ्ठावन्न हजार हायत."

आवेज खुर्चीवरून उठला. "कसले, मास्तर?"

"सात वर्सं दर दिवाळीचा बोनस आन सीझनला वरचं काम केल्यालं. मी घरी न्हेलंच न्हाय कदी. घरी न्हेलं की खर्च हुतंय. मालकाला म्हनलो, तुमच्याकडंच ठिवा, पोरीच्या लग्नाला घीन."

"काही लिहून ठेवलं होतं का?"

"मालकाकडनं काय लिवून घ्यायचं?" मास्तर म्हणाले. त्यांना खरंच तो प्रश्न कळला नव्हता.

आवेजने माझ्याकडे बघितलं. "यास्मीन, अब्बा तुला काही बोलले होते?"

बोलले होते. नुसते बोलले नव्हते. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन गेले, तेव्हा अब्बांनी मास्तरांसमोरच मला थांबवलं होतं. "यास्मीन, हे पूनमच्या लग्नाचे पैसे. मी विसरलो तर तू साक्षीला आहेस." मग गेल्या वर्षी दोन हप्ते थकले तेव्हा त्यांनी तेच पैसे कपाटातून काढले, मी बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सीझन झाला की परत ठेवतो." सीझन झालाच नाही. मास्तरांची सात वर्षांची दिवाळी आमच्या घराच्या हप्त्यात गेली होती आणि हे जगात आता मला एकटीलाच माहीत होतं.

मी हो म्हटलं असतं तर आवेजने त्याच क्षणी पिठाचा डबा उघडला असता. मला डबा दिसत होता.

"नाही," मी म्हणाले. "मला काही माहीत नाही."

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बोलता बोलता माणूस मधेच उठून गेला की आपण बघतो, तसं. मला वाटलं आता ते दिवाळीच्या त्या चहाची आठवण काढतील, आणि खोटं सांगू कशाला, त्यांनी काढली तर काय उत्तर द्यायचं तेही मी ठरवून टाकलं होतं. पण ते एवढंच म्हणाले, "वहिनीस्नी म्हाईत न्हाय म्हनल्यावर ऱ्हायलं."

आवेजला चैन पडेना. "मास्तर, असं करा, आत्ता पाच हजार घ्या."

"नगं. असलं तर अठ्ठावन्न हायत, नसलं तर काय बी न्हाय," मास्तर म्हणाले आणि पुन्हा कात्री उचलून टेबलाकडे गेले. संध्याकाळपर्यंत त्यांनी चाळीस पँटी कापल्या. एकही वाकडी गेली नाही.

एकोणीस तारखेला मी स्वतः जाऊन अठ्ठ्याऐंशी हजार भरले. पावती ब्लाऊजमध्ये ठेवून रिक्षाने घरी आले, बिर्याणी केली. आवेजही त्या दिवशी बऱ्याच महिन्यांनी हसला. दर शुक्रवारी तो अब्बांच्या कबरीवर जायचा. त्या शुक्रवारी परत आल्यावर म्हणाला, "कंपनी सोडली तर आता अब्बांवर कुणाचं काही नाही. मोकळे झाले बिचारे." मी भांडी घासत होते. नळ जरा मोठा सोडला.

मे महिन्याच्या दहा तारखेला कंपनीच्या ऑफिसातून फोन आला, म्हणून आम्ही दोघं गेलो. काउंटरवरचा मुलगा फार सभ्य होता. त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवून समजावलं, "मॅडम, तुम्ही भरलेत त्यातून आधी दंड वजा झाला, मग चेक परत गेल्याचे चार्जेस, मग वकिलाचा खर्च. उरलेले व्याजात गेले. हप्ते तसे थकलेलेच दिसतायत."

"पण थकबाकी अठ्ठ्याऐंशीच लिहिली होती की!"

"ती हप्त्यांची. चार्जेस खाली बारीक अक्षरात आहेत बघा."

होते. आवेजने दोनदा वाचले आणि त्या मुलाला थँक्यू म्हणाला. मला कानाखाली एक द्यावीशी वाटली, कुणाच्या ते अजून नक्की ठरलेलं नाही. बाहेर पायरीवर बसले तेव्हा मात्र मला फक्त अब्बा आठवत होते. जे उतरवायचा माझ्या नवऱ्याने चारचौघांत शब्द दिला, ते त्यांच्या मानेवरचं ओझं मी उचलून परत त्यांच्यावरच ठेवलं होतं. आणि तेही फुकट. घर वाचलं असतं तर निदान म्हणता तरी आलं असतं की घरासाठी केलं.

आवेजला सांगायचं मी रोज ठरवायचे. पण सांगून द्यायचं काय? डब्यात आता पीठच होतं.

एकवीस मे आला आणि गेला. मास्तर त्या दिवशीही कामावर होते. मुलाकडच्यांना कपाट आणि गाडी हवी होती, मास्तरांनी मुदत मागितली, त्यांनी दुसरीकडे जमवलं. हे मला टेंपोवाल्या येडूकडून कळलं.

जूनच्या तीन तारखेला कंपनीची माणसं पोलिस घेऊन आली. मशिनी आमच्या होत्या, त्या बाहेर काढायला त्यांनी दोन तास दिले. दाराला कुलूप लागलं, भिंतीवर कागद चिकटला. शाळा उघडायला बारा दिवस होते आणि सहाशेपैकी अडीचशे जोड्या बाकी होत्या. त्या वेळेत गेल्या नाहीत तर शाळा आगाऊ रक्कम परत मागणार, म्हणजे डोक्यावर छप्पर नाही आणि वर आणखी नव्वद हजारांचं कर्ज. आवेज रस्त्यावर उभा राहून फोनवर खोल्या विचारत होता. जो तो डिपॉझिट मागत होता. मी मशिनींवर चादरी घालत होते, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

मास्तर माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"कुटं फिरतासा आता? नीलम नगरला आमच्या घरापुढं खोली हाय की. लग्नाचं पावनं उतरायला म्हून पत्रं घालून केलती. लाईट हाय. रिकामीच पडलीया."

आवेजने फोन बंद केला आणि भर रस्त्यात मास्तरांना मिठी मारली. अब्बांच्या जनाज्याला न रडलेला माणूस ढसाढसा रडला. मास्तर त्याच्या पाठीवर थोपटत राहिले.

"भाडं सांगा मास्तर. भाड्याशिवाय नाही येणार," तो डोळे पुसत म्हणाला.

"दीड हजार द्या." मग आवेजच्या खांद्यावरून मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. एप्रिलपासून पहिल्यांदाच असं सरळ बघितलं. "पर वहिनी, दर म्हैन्याला माज्या हातात द्यायचं. तुमच्याकडंच ठिवा म्हनायची सवय मोडली माजी."

आवेज रडता रडता हसला. त्याला ती थट्टा वाटली.

"बरं मास्तर," मी म्हणाले, आणि कापलेल्या कापडाचा पहिला गठ्ठा उचलून येडूच्या टेंपोत ठेवला.