सिंहाच्या आयाळीवरचा हात

चित्रकाराचं कुठलंही चित्र बायकोच्या नजरेखालून गेल्याशिवाय घराबाहेर पडत नसे. तिला साधी रेघ ओढता येत नव्हती, पण जिभेला हाड नव्हतं. सेनापतीचं चित्र बघून ती म्हणाली होती, "पोट दुखतंय का यांचं?" चित्रकाराने मुकाट्याने चेहरा पुन्हा काढला होता.

राजाचं चित्र मात्र पहिल्या झटक्यात साधलं. दरबाराने सांगितलेलं सगळं त्यात होतं. मुकुट म्हणजे सत्ता, मांडीवरची तलवार म्हणजे न्याय, शेजारचा सिंह म्हणजे पराक्रम. सिंह अर्थात मनातला. खरा असता तर चित्रकार कशाला थांबतोय तिथे! पण राजा समोर बसलेला असताना बाहेर कुठेतरी दार आपटलं आणि त्याने खुर्चीचा हात गच्च आवळला. चित्रकाराने ती मूठ कोळशाने टिपली आणि सिंहाच्या आयाळीवर ठेवली.

बायको पिठाचे हात पुसत आली. आधी लांबून, मग अगदी जवळ वाकून तिने चित्र न्याहाळलं.

"बिचारा," ती शेवटी म्हणाली. "गर्दीत पोर आईचा हात धरतं ना, तसं धरलंय त्याने सिंहाला. किती घाबरलाय हो!"

"मग बदलू?"

"बदलताय कशाला? पहिल्यांदाच राजाचा माणूस केलात."

या शाबासकीने तो हुरळून गेला, आणि तिथेच घात झाला.

महालात राजाने चित्र खिडकीपाशी नेऊन पाहिलं. त्याचे डोळे भरून आले. चित्रकाराची छाती फुगली.

"मीच आहे हा," राजा हळूच म्हणाला. "आणखी कोणी पाहिलंय?"

"फक्त बायकोने, महाराज. तिने पाहिल्याशिवाय माझं चित्र बाहेर पडत नाही."

"काय म्हणाली?"

आता कुठे चित्रकाराला आपली चूक उमगली. "छान आहे म्हणाली."

राजाने कागद शेकोटीत सरकवला. रागावला असता तर परवडलं असतं, तो हसला.

"दुसरं काढ. सगळं तसंच, फक्त हात बदल. आणि तेही आधी तिलाच दाखवू. इथे, माझ्यासमोर." मग पहारेकऱ्याला म्हणाला, "गाडी पाठवा. मागच्या दाराने आणा."

चित्रकार बसला. मुकुट झाला, तलवार झाली, सिंह झाला. हाताची बोटं मात्र काही केल्या सैल पडेनात. पुसावं, काढावं, की पुन्हा तीच मूठ. त्याने स्वतःही कोळसा तसाच गच्च आवळला होता.

अंगणात चाकं वाजली. कणीक तशीच टाकून यावं लागलं म्हणून ती गाडीवानाला फैलावर घेत होती. तो आवाज जिना चढून जवळ येऊ लागला.

उभ्या संसारात आज पहिल्यांदाच त्याला वाटलं, हिने खोटं बोलावं. आणि तिला ते येत नव्हतं.