फक्कीची भिंत

काचबिंदूनं काशम्माची नजर नेली त्याला आठ वर्षं झाली. पण सोलापुरातल्या त्या चार खोल्यांत तिला कधी काठी लागली नाही, की कुणाचा हात. खाटेपासून माठापर्यंत नऊ पावलं, तिथून डावीकडं पाच पावलांवर चूल. चुलीच्या जागी गॅस येऊन तीस वर्षं लोटली होती, तरी तिच्या लेखी ती चूलच. दुपारी ती झोपायची, पाय मात्र जागे असायचे. झोपेतच उठून पाणी पिऊन यायची आणि जाग आल्यावर विचारायची, "माझी तहान कुणी भागवली गं?"

एके दिवशी थोरल्या मुलानं, महेश्वरनं, सांगून टाकलं, "अव्वा, घराचं काम काढतोय. मधली भिंत पाडायची, स्वयंपाकघर पुढं आणायचं."

"गिलावा निघालाय, तो कर. गळतंय तितं बघ. फरशी घाल, रंग दे. भिंती कशाला हलवतोस?"

"ती झाली डागडुजी. मला घराची रचनाच बदलायचीय."

"मग मी कुटं जाऊ?"

"जायचं कशाला? मोठ्या हॉलमध्ये बसायचं."

"बसायचं," काशम्मा म्हणाली. "व्हय, बसूनच राहायचं की मग."

शहाजी गवंडी नातेपुत्याचा. त्याची एक रीत होती. हातोड्याला हात लावण्याआधी तो नव्या घराच्या सगळ्या भिंती जुन्याच जमिनीवर पांढऱ्या फक्कीनं आखायचा आणि घरच्यांना सांगायचा, "एक दिवस ह्या रेघांत राहून बघा. मग पाडू." तशा त्यानं सकाळी रेघा मारल्या. काशम्माला सांगायचं मात्र सगळेच विसरले.

दुपारी ऊन असं तापलं की पत्र्यांवरची हवा वितळून गल्लीत ओघळू लागली. घर पेंगलं. काशम्मा झोपेत उठली, माठाकडं निघाली. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पावलाला धाडकन कशावर तरी आपटली.

सगळे धावले. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. पुढ्यात भिंत नाही, दार नाही, नुसती बोटभर रुंद पांढरी रेघ. टेंगूळ पाहायला अर्धी गल्ली लोटली. शहाजीनं ओळंबा काढून रिकाम्या हवेत धरला, एक डोळा मिटून पाहिलं आणि छाती फुगवून म्हणाला, "बगा! भिंत उभी ऱ्हायच्या आदीच सरळ हाय की न्हाय?"

महेश्वरनं हवेतून हात फिरवला. "अव्वा, इथं काहीच नाही."

"तुला डोळे हायत म्हणून न्हाय. मीट बघू. खाटेपास्नं चाल."

आईचं मन राखायला त्यानं डोळे मिटले. पाय आपले आपण निघाले. रेघ त्याच्याच सांगण्यावरून मारलेली, ती त्याला आडवी आली नाही. नऊ पावलांवर माठाचा गारवा हाताला लागला. डावीकडं वळला, पाचव्या पावलाला ओटा. तिथं त्याला गरम भाकरीचा वास आला आणि तो सहा वर्षांचा होऊन क्षणभर तिथंच उभा राहिला.

"आता तुझ्या नव्या सैपाकघरात जा. मिटल्या डोळ्यांनीच."

महेश्वर वळला. दोन पावलं पुढं, एक मागं. हात पसरले, तर कुठं काही लागेना. आपण घरात आहोत की माळावर, तेच कळेना. डोळे उघडायचंही त्याला सुचलं नाही. बावन्न वर्षांचा माणूस, घाबऱ्या आवाजात ओरडला, "अव्वा, कुटं हाइस?"

काशम्मा चालत गेली आणि तिनं त्याचा हात धरला.

"एनप्पा, काय रे, घाबरलास व्हय? चल."

खाटेवर बसल्यावर त्यानं डोळे उघडले. आईच्या टेंगळावर हलकेच हात ठेवला.

"सायेब, हातोडा आणू का थापी?" शहाजीनं विचारलं.

"थापी," महेश्वर म्हणाला. "भिंती आहेत तिथंच राहू देत. गिलावा, गळती, फरशी आणि रंग. बास."

सून भुवनेश्वरीनं झाडू घेतला आणि फक्की झाडून काढली. तेव्हा भिंत कोसळल्याचा आवाज पलीकडच्या गल्लीपर्यंत गेला म्हणतात. धुरळा बसेपर्यंत इकडं काशम्माचं टेंगूळही बसलं.

काम महिनाभर चाललं. नव्या फरशीवरच्या पहिल्याच दुपारी काशम्मा झोपून उठली ती हसतच.

"सपनात कुणाच्या तरी घरी गेले होते गं भुवना. फरशी लई गार. पाणी मात्र आपल्याच माठातलं होतं."