नारळाचं दूध, मिरची, हळद

खाद्यगाळ्यावरच्या आंटीने वाडग्यात टाकलेली कोळंबी प्रबोधने खुणेने परत काढायला लावली. फिशकेकच्या चकत्या काढायला लावल्या, आणि शिंपल्यांचा डबा उघडण्याआधीच हात आडवा केला. वाडग्यात उरल्या त्या तांदळाच्या जाड शेवया, तळलेल्या टोफूचे तुकडे आणि मोड. पातेल्यातला केशरी रस्सा ओतण्यासाठी आंटीने पळी उचलली आणि ती तशीच अधांतरी धरून विचारले,

“व्हेजिटेरियन, इज इट? ग्रेव्ही इनसाइड गॉट ड्राइड प्रॉन, ला. ऑलरेडी कुक. कॅनॉट टेक आउट.”

प्रबोधच्या मागे त्याची दहा वर्षांची मुलगी जाई चमचे घेऊन उभी होती. तिच्या मागे रांग होती, आणि रांगेतली माणसे जेवणाच्या सुट्टीतली, म्हणजे घाईची होती.

“इट्स ओके,” तो म्हणाला. “पुट.”

कारणे तयारच होती. शाकाहारी जेवणाच्या गाळ्याचे शटर आज खाली होते. आईने मधुमेहाची गोळी आधीच घेतली होती, त्यामुळे तिच्या पोटात लवकर काही जाणे आवश्यक होते. सकाळपासून ती उन्हात चालत होती. यातले प्रत्येक विधान खरे होते. लिटल इंडिया एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, अगदी जवळ आहे आणि तिथे डोसा मिळतो, हेही विधान तितकेच खरे होते. ते त्याने विचारात घेतले नाही, एवढेच.

त्याची आई, अरुणाबाई, कोपऱ्यातल्या टेबलावर तीन खुर्च्या राखून बसल्या होत्या. राखून म्हणजे मधोमध टिश्यूची पुडी ठेवून. इथे पुडी ठेवली की जागा आपली, ती कोणी घेत नाही आणि पुडीही कोणी उचलत नाही, हे जाईने त्यांना शिकवले होते. अलिबागहून येऊन आठवडा झाला होता. बुरूज, बागा, काचेचे मनोरे पाहून झाले होते. त्यांना खरे आश्चर्य वाटले होते ते या पुडीचे.

सकाळचा कार्यक्रम प्रबोधने आखला होता. एकाच रस्त्यावर गोपुराचे देऊळ, त्याला जवळजवळ लागून मशीद आणि पुढे बुद्धाचे भव्य मंदिर. पाहुण्यांना हे शहर समजावून सांगायला यापेक्षा सोयीचा रस्ता नाही. आईने देवळासमोर हात जोडले आणि मशिदीसमोरही जोडले.

“आई, तिथे हात जोडत नाहीत.”

“मी माझे जोडले. त्यांनी नको म्हटलं का?”

बुद्धाचे मंदिर जेवणानंतर पाहायचे ठरले होते.

त्याने वाडगा आईपुढे ठेवला. लाक्सा, त्याने सांगितले, इथला प्रसिद्ध पदार्थ.

“यात काही नाही ना रे?”

“नारळाचं दूध, मिरची, हळद,” प्रबोध म्हणाला.

उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. शहराच्या बुओना व्हिस्टा भागातल्या ज्या प्रयोगशाळेत तो चवींवर काम करत असे, तिथे चाखायला बसणाऱ्या माणसाला आधी प्रत्येक घटक वाचून दाखवावा लागे, अगदी नगण्य प्रमाणातलासुद्धा, आणि त्याने होकार दिल्याशिवाय चमचा पुढे करता येत नसे. हा नियम नव्या सहकाऱ्यांना प्रबोधच समजावून सांगत असे.

बाबा गेले त्या वर्षी आई आत्याबरोबर काशीला गेली होती. काशीला गेलेल्या माणसाने आवडीची एक वस्तू कायमची सोडून यायची असते. या रिवाजातून सभ्यपणे निसटण्याची वाट प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असते. धाकटे काका दोडका सोडून आले होते आणि आत्याने कारले सोडले होते. आईने मासे सोडले. ज्या घरात मूठभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातल्याशिवाय वांगे चुलीवर चढत नसे, त्या घरात तिने मासळीची भांडी धुऊन, पुसून मोलकरणीला देऊन टाकली. प्रबोधला ते फोनवर कळले.

“पण तू मासे सोडल्याने बाबांना काय मिळालं?” त्याने विचारले होते.

“त्यांना कशाला काय मिळायला हवं?” असे म्हणून तिने जाईच्या शाळेची चौकशी केली होती.

त्याच्या मते वर्ज्य ही मनातली गोष्ट होती. जिभेला जे कळते ते रेणू असतात. मनाला कळले नाही तर व्रत जसेच्या तसे राहते, आणि जिभेला मात्र तिचा हक्क मिळतो. हानी शून्य. हा सिद्धांत त्याने आज रांगेत उभे राहून मांडला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. तो बरेच दिवस संधीची वाट पाहत होता.

अरुणाबाई वाडग्यावर वाकल्या. वाफ चेहऱ्यावर घेऊन त्यांनी क्षणभर डोळे मिटले. मग समोर बसलेल्या जाईकडे पाहिले, प्रबोधकडे पाहिले आणि चमचा उचलला.

जाईने तोंड उघडले. प्रबोधने तिच्याकडे एकदाच बघितले. तिने तोंड मिटले आणि आपल्या ताटातला भात चमच्याने एका बाजूला सारायला सुरुवात केली.

आईने सगळे खाल्ले. शेवटचा रस्सा वाडगा तिरका करून चमच्याने घेतला. “छान केलंय,” ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने काही इतके मनापासून संपवलेले त्याने पाहिले नव्हते. प्रयोग यशस्वी झाला, आणि त्याचा आनंद हात धुवायला उठेपर्यंतसुद्धा टिकला नाही.

रिकामे ट्रे ठेवायला दोन मांडण्या होत्या, एक हलाल जेवणाच्या ट्रेसाठी आणि दुसरी बाकीच्यांसाठी. जाईने पाटी वाचून ट्रे योग्य त्या मांडणीत सरकवला आणि बापाकडे वळली.

“बाबा, आंटी सेड गॉट प्रॉन.”

“थोडंसं. रश्शात.”

“थोडंसं म्हणजे गॉट, ला.”

“आजीला भूक लागली होती, जाई. तिला बरं वाटलं ना?”

“मी माझ्या क्लासमधल्या नूरच्या डब्यात पोर्क घातलं अँड आय डोंट टेल हर, कॅन?”

“ते वेगळं आहे.”

“हाउ डिफरंट?”

“नूरच्या घरी तो धर्माचा नियम आहे. आजीचं तसं नाही. आजीने ते सोडलं, कारण...”

त्याच्या लक्षात आले की पुढचा शब्द त्याच्याजवळ नाही. रूढी, दुःख, वय असे तीन पर्याय समोर आले, पण ते तीनही त्याचे स्वतःचे अंदाज होते. आईला त्याने कधी विचारले नव्हते.

“यू टेल हर,” जाई म्हणाली, “ऑर आय टेल.” आणि आजीचा हात धरून ती पुढे चालू लागली.

बुद्धमंदिराच्या दारात उघड्या खांद्यांवर घ्यायच्या शालींची टोपली होती. जाईने एक शाल उचलून अंगाभोवती गुंडाळली. अरुणाबाई पायरीपाशी थांबल्या.

“तू बघून ये बाळा. मी इथे बाकावर बसते.”

“आई, आत एसी आहे. आणि वरच्या मजल्यावर...”

“आज नको रे.”

जाईने बापाकडे एक नजर टाकली, मुदत दिल्यासारखी, आणि ती एकटीच आत गेली. प्रबोध आईशेजारी बसला. समोरून पर्यटकांचा एक गट वाटाड्याच्या छत्रीमागोमाग चालला होता. तो गट पुढे सरेपर्यंत थांबणे त्याला सोयीचे वाटले. मग तो म्हणाला,

“आई, मघाशी त्या रश्शात...”

“सोडे होते,” अरुणाबाई म्हणाल्या. “नीट भाजले नव्हते. जरा खवट होते.”

मग त्याने विचारले, “तुला कधी कळलं?”

“तू वाडगा घेऊन येत होतास तेव्हा. मला सोड्यांचा वास कळणार नाही असं तुला वाटलं? मग शिकलास काय इतकी वर्षं?” हे त्या रागाने बोलल्या नाहीत.

“मग खाल्लंस कशाला?”

“मी विचारलं, तू सांगितलंस. पोर तुझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्यासमोर तुला खोटं पाडू?”

समोरच्या फुटपाथवर एक बाई नारळपाणी विकत होती. प्रबोध तिच्याकडे बघत राहिला.

“अजाणता खाल्लं तर दोष लागत नाही म्हणतात,” तो म्हणाला. ज्या कायद्यावर त्याचा विश्वास नव्हता, त्या कायद्यातली पळवाट तो शोधत होता, हे त्याला बोलताना ऐकू येत होते.

“अजाणता कुठे? चांगलं जाणून खाल्लं. अजाणता खातेय असं तुला वाटत होतं.”

“आपण काशीला जाऊ पुन्हा. मी येतो तुझ्याबरोबर.”

“तू?” त्या हसल्या. “तू काय सोडणार? दोडका?”

त्यालाही हसू आले आणि लगेच ओसरले. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो काही वर्षांपूर्वी फोनवर विचारायला हवा होता.

“मासेच का सोडलेस, आई?”

अरुणाबाईंनी पदराने मान पुसली.

“त्या दिवशी होड्या उशिरा लागल्या. मी बंदरावर थांबले होते. ताजे बोंबील मिळतील म्हणून.” त्यांनी पदर खांद्यावर सारखा केला. “नाहीतर घरीच होते मी.”

बाबा सकाळी पडवीत कोसळले तेव्हा घरात कोणी नव्हते, हे प्रबोधला ठाऊक होते. आई बंदरावर गेली होती, हेही ठाऊक होते. दोन्ही बिंदू इतकी वर्षे त्याच्याजवळ होते. त्यांना जोडणारी रेघ त्याने ओढली नव्हती. काशीहून आलेल्या बाईला त्याने विचारले होते की यातून कोणाला काय मिळाले.

“आई,” तो म्हणाला. तिच्या गुडघ्यावर ठेवण्यासाठी त्याने हात उचलला आणि मग तो आपल्याच मांडीवर परत ठेवला.

जाई बाहेर आली. तिने शाल घडी करून टोपलीत ठेवली, बापाचा चेहरा पाहिला आणि त्याने सांगितलेले नाही असा तिचा समज झाला असावा. ती सरळ आजीसमोर येऊन उभी राहिली.

“आजी, आय हॅव टू टेल यू समथिंग. तुझ्या नूडल्समध्ये...”

“सोडे होते,” अरुणाबाई म्हणाल्या. “मला माहितीय. मीच म्हटलं तुझ्या बाबाला, आज चालेल. तुम्ही रांगेत जायच्या आधीच.”

जाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. तिला सहजासहजी काही पटत नसे. हा गुण बापाकडून आला होता.

“बट यू आस्क्ड. यात काही नाही ना, म्हणालीस.”

“नाटक केलं गं. मासे खात नाही म्हणून आल्यापासून मिरवतेय, आणि आता तुझ्यासमोर खायचे म्हणजे लाज वाटली. त्यालाही म्हटलं, तिला सांगू नकोस.”

“आजी!” जाईने तोंडावर हात घेतला, मग तो काढून ती हसायला लागली. “यू आर सो नॉटी, ला.”

“हो ना,” अरुणाबाई म्हणाल्या आणि बाकाचा कठडा धरून सावकाश उठू लागल्या. प्रबोधकडे त्यांनी पाहिले नाही.

जाई हसायची थांबली. दोन पावले चालून ती बापाजवळ आली, आणि खाली बघत तिने आपला हात त्याच्या हातात सरकवला.

“सॉरी, बाबा,” ती म्हणाली.

आई पुढे निघाली होती. रस्ता ओलांडायला ती सिग्नलपाशी थांबली, पाठमोरी.

“असू दे,” प्रबोध म्हणाला.