लाल पाणी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी झडप आहे. सध्या मोडीच्या टोपलीत पडून आहे, त्यामुळे बोलायला सवडच सवड आहे.

शाहू छत्रपतींच्या राज्यात कोल्हापुरातल्या मीरासाब रंगाऱ्याने घरात नळ घेतला, तेव्हा ओताऱ्याने मला ओतले आणि पोटात म्हशीच्या कातड्याचा पडदा बसवला. गल्लीच्या नळाचे पाणी घरात सोडायचे, पण घरातले पाणी उलटे गल्लीत जाऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. मीरासाबच्या नळीचे टोक सदा रंगाच्या हौदात बुडलेले असे. दुपारी पाणी गेले की रिकामी नळी हौदातला रंग मागे ओढू लागे. मी लगेच टक्कन मिटायची.

"वर्साला कातडं बदलायचं बरं का," मला बसवताना आकाराम मिस्त्री म्हणाला होता.

"बदलतो की," मीरासाब म्हणाला.

वर्षे गेली. कुणाचे काही अडले नाही, मग बदलतो कोण? कातडे जुने होऊन ताठ झाले. मला मिटता येईना. माझी टकटक थांबली, तर मीरासाबची बायको फातिमा खूश! शेजारच्या बाळाबाईला म्हणाली, "अक्का, झडप आता कशी गप झालीया. न्हायतर रोज दचकाय व्हायचं." ती माझे कौतुक करत होती आणि मला रडू येत होते.

दसऱ्याच्या तोंडावर पटक्यांसाठी हौदभर लाल रंग कालवला होता. सकाळी बाळाबाईने बाळंतीण लेकीसाठी गल्लीच्या नळाखाली घागर लावली आणि लाल पाणी पडले.

"मीरासाब, आमाला रंग पाजताय व्हय?"

"अल्लाशपथ अक्का, मी एक थेंब न्हाय टाकला!"

तो खरे बोलत होता, पण कुणाला पटेना. मला दोन तोंडे आहेत, पण एकालाही वाचा नाही.

आकारामने मला खोलून तडकलेले कातडे सगळ्यांना दाखवले. माझ्या जागी नवी झडप बसली आणि मी मीरासाबच्या घरातल्याच मोडीच्या टोपलीत आले. पाणी स्वच्छ झाले. मीरासाब सगळ्यांदेखत त्या नळाचे ओंजळभर पाणी प्यायला. बाळाबाई घागर उचलून लांबच्या विहिरीवर गेली.

मित्रांनो, आमच्याकडे वेळीच लक्ष द्या, एवढेच मागणे आहे. बाळाबाईच्या नातवासाठी फातिमाने कुंची रंगवून नेली होती, ती दारातूनच परत आली. इथे समोरच्या खुंटीवर आहे. फातिमा रोज ती काढते, झटकते, पुन्हा टांगते आणि मी नुसती बघत राहते.